न लावलेली पाटी

माझा मामा राजधानीतल्या रस्त्यांच्या पाट्या रंगवायचा. पालिकेत बत्तीस वर्षं हेच काम. सरकार बदललं की रस्त्यांची बारशी पुन्हा व्हायची. राजे पुसले, सेनापती आले. सेनापती पुसले, मंत्र्यांचे नातेवाईक आले. चौकातला भाजीवाला, चाव्या बनवणारा, रिक्षावाले मात्र जुनीच नावं घेत. "लोकांच्या तोंडाला रंग लागत नाही," मामा म्हणायचा. एवढं कळत होतं त्याला, म्हणूनच माझा जास्त संताप होतो.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या विणकर गल्लीची पाळी आली. नवं नाव एका मंत्र्याच्या वडिलांचं. समोरची शिंपीणकाकू कडाडली, "त्या माणसानं इथे कधी पाऊल तरी टाकलंय का? पाटी लावलीस तर याद राख." मामाने पाटी रंगवली, 'लावली' म्हणून सही ठोकली आणि पाटी आणून पलंगाखाली सरकवली. गल्लीने त्याला डोक्यावर घेतलं. मीही खूप हसले होते.

गेल्या सोमवारी मोजणीवाले आले आणि बावीस घरांवर लाल फुल्या मारून गेले. रस्ता रुंद होणार होता. मामा शांत होता. "हरकत घ्यायला महिना मिळतो," म्हणत तो मला घेऊन कचेरीत गेला.

कारकुनाने फाइल उघडली. "मुदत संपली की, दादा. नोटीस घेऊन माणूस तीनदा आला होता. मंत्र्यांच्या वडिलांच्या नावाची गल्लीच कुणाला माहीत नाही, कुठे पाटीही नाही. 'रहिवासी आढळले नाहीत' असा शेरा आहे."

"मग मोजणीवाल्यांना बरी सापडली?" मी विचारलं.

"ते नकाशा घेऊन येतात, ताई. नोटीसवाल्याकडे नुसता पत्ता असतो. पाडकाम गुरुवारी आहे."

मामाने शेरा दोनदा वाचला आणि तो तिथेच फरशीवर बसला. आमची सगळी गल्ली जिवंत असून कागदावर तिथे कोणी राहतच नव्हतं.

संध्याकाळी तो बाविसाच्या बावीस दारांत गेला. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य, "पाटी मी लावली नाही, म्हणून नोटीस आली नाही." कोणी ब्र काढला नाही. शिंपीणकाकूने तर त्याला पाणी दिलं. "आम्हीच सांगितलं होतं ना रे तुला," ती म्हणाली.

तिच्या उंबऱ्यातच मामा ढसाढसा रडला. "एकाने तरी शिव्या घालायच्या होत्या," तो मला म्हणाला. माझ्या ओठांवर सकाळपासून होत्या. त्याचा चेहरा बघून मी त्या गिळल्या.