मारबतीनं रिकामी केलेली खोली

मारबतीची सकाळ. नागपूर, महालातलं आमचं भाड्याचं घर, साल ऐंशीच्या आसपासचं... आणि मी पदर खोचून, हातात खराटा घेऊन उभी! आज आर या पार, असं ठरवूनच उठले होते.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे दोन अवाढव्य बाहुल्यांची, मिरवणूक निघते. त्यांना नेऊन जाळतात, आणि अख्खं शहर ओरडत असतं, 'इडा-पिडा घेऊन जाय गे मारबत!' सकाळी घराघरातही कोपरे झाडत हीच आरोळी देतात.

आमच्या घरातली पिडा म्हणजे मागची खोली. माझ्या सासूबाईंना सगळे बाई म्हणायचे. मनानं सोनं, पण एकदा घरात आलेली वस्तू बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. गळक्या बादल्या, तीन पायांची खाट, कूलरच्या कुजलेल्या खसच्या ताट्या, वनस्पती तुपाचे रिकामे डबे... काहीही टाकायचं म्हटलं की एकच उत्तर, "लागते वं कधी ना कधी!"

आणि मला ती खोली हवी होती बालवाडीसाठी. कोर्स करून बसले होते, गल्लीतल्या नऊ मुलांच्या आया तयार होत्या. पण त्यांनी निक्षून सांगितलं होतं, पोळ्यापर्यंत जागा दाखवा, नाहीतर गणपतीनंतर आम्ही मुलांना दुसरीकडे घालतो. पोळा कालच होऊन गेला होता!

सरळ मार्ग करून पाहिला नव्हता असं नाही. आदल्या दिवाळीत मी एक फुटकी शेगडी गुपचूप कबाड्याला दिली होती. बाई त्याच्या हातगाडीमागे चौकापर्यंत गेल्या आणि शेगडी डोक्यावर घेऊन परत आल्या... वर दोन दिवस माझ्याशी अबोला. आमचे हे तर या विषयावर कायम पेपरामागे लपायचे.

पण बाईंचाच एक नियम माझ्या लक्षात होता. लग्नानंतरच्या पहिल्या मारबतीला त्यांनी बाहेर टाकलेला झाडू मी 'चांगला तर आहे' म्हणून परत आत आणला होता. केवढ्या कडाडल्या होत्या! मारबतीचं नाव घेऊन काढलेली वस्तू परत उंबऱ्याच्या आत आली, तर पिडा दुप्पट होऊन येते म्हणे.

तर त्या सकाळी बाई नेहमीप्रमाणे कोपरे झाडत आरोळ्या देत होत्या. "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत! ढेकणं-मोंगसं घेऊन जाय गे मारबत!" मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "गळक्या बादल्या घेऊन जाय गे मारबत! तीन पायांची खाट घेऊन जाय गे मारबत!"

बाई जागच्या जागी थिजल्या. यांचा पेपर खाली आला. मी थांबतेय कशाला... ताट्या, डबे, शेगडी, एकेकाचं नाव घेत सुटले.

"काहून वं, हे काय करून राहिली तू?" बाई म्हणाल्या. पण नाव तर घेतलं गेलं होतं! आता अडवणार कशा? मी मनातल्या मनात गड जिंकला होता.

तेवढ्यात बाई शांतपणे ओसरीत गेल्या. तिथं एक पेटी होती. पहाटेच मी ती हळूच मागच्या खोलीतून काढून ठेवली होती... माझी रुखवताची पेटी. मण्यांचे पोपट, शिंपल्यांचा मोर, लोकरीची बाग. लग्नात मांडायला बहिणींनी आणि मी महिनोन्महिने बसून केलेलं. मांडवात दोन तास वाहवा झाली, आणि नंतर सहा वर्षांत झाकण एकदाही उघडलं नव्हतं.

बाईंनी पेटीवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुनेचं रुखवत घेऊन जाय गे मारबत!"

घ्या! मी पेटीकडे धावले. "बाई, अहो ते..." एवढंच तोंडातून निघालं.

"बोललं ते बोललं. मारबतीले सुनेचं येगळं अन् सासूचं येगळं नसते."

मी झाकण उघडलं. मोराची मान कधीच निखळली होती, लोकरीला कसर लागली होती. रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण पेटी उचलली मीच, आणि अंगणात नेऊन ठेवलीही मीच.

परत आले तर काय... बाई खोलीत शिरून स्वतः सामान ओढत होत्या! त्यांना चेवच चढला होता. मी ज्यांची नावं घ्यायला विसरले होते, त्या छत्र्या आणि कंदिलाच्या काचाही त्यांनीच ओरडून ओरडून बाहेर काढल्या. यांनाही कामाला जुंपलं. कबाड्याला दोन खेपा माराव्या लागल्या, आणि दुपारपर्यंत खोलीचे चारही कोपरे दिसायला लागले. सहा वर्षांत मला ठाऊकच नव्हतं, तिथं एक खिडकी आहे!

संध्याकाळी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा. गल्लीतली लेकरं सजवलेले लाकडी नंदी ओढत दारोदार आली. एरवी बाई दारातच खाऊ देऊन वाटेला लावायच्या. त्या दिवशी सगळ्यांना आत बोलावलं, धुतलेल्या फरशीवर नंद्यांसकट ओळीनं बसवलं आणि प्रत्येकाला नाव विचारलं.

मग दारात उभ्या असलेल्या आयांकडे वळून म्हणाल्या, "उद्या धा वाजता पाठवजा वं पोराइले. आमच्या सुनेची शाळा हाय इथं."

मी स्वयंपाकघरात पळाले आणि तोंडाला पदर लावून मनसोक्त रडले... आणि हसलेसुद्धा. बालवाडी त्या खोलीत पुढं कितीतरी वर्षं चालली. बाई, तुमचे आभार तेव्हा तोंडानं मानले नाहीत... आज सगळ्यांसमोर मानते.