अकरा जणांचा ताप

शमशेर शिकलगार विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. तेवीस वर्षं हंगामी. मी त्याच कॉलेजात आस्थापनेचा कारकून होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मला लिहिण्याची सवय नाही. पण त्याच्याविषयी कोणी लिहिणार नाही, आणि घडलं त्यात माझा हात आहे, म्हणून लिहितो.

तो मूळचा पाटणचा. वडील बाजारात भांड्यांना कल्हई करायचे. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेतली एक बाटली उघडून तो म्हणाला, "हा तर आमचा कल्हईचा नवसागर." प्राध्यापक हसले. पुढे तेच प्राध्यापक द्रावणं त्याच्यावर सोपवून निर्धास्त चहाला जायचे.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटनेचं काम त्याच्याकडे कसं आलं कोण जाणे. विट्याला, तासगावला, इस्लामपूरला रविवारी एसटीने जायचा आणि कॉलेजच्या फाटकाशी उभा राहून शिपायांशी, परिचरांशी बोलायचा. "गड्या, आपुन न्हाई तर ह्यांची परीक्षा हुईल का सांग." मागणी एकच होती: हंगामी लोकांना कायम करा.

चार वर्षांपूर्वी त्यासाठी विद्यापीठात आणि सगळ्या कॉलेजांत सहा दिवस संप झाला. आमच्याकडे बारा हंगामी होते, बाराही बाहेर बसले. मीसुद्धा बसलो, मागच्या रांगेत. संप मिटला आणि आमच्या अधीक्षकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"नाथाजी, मस्टरवर संप लिहिलात तर सगळ्यांचीच सेवा तुटेल. आजारपणाचे अर्ज घ्या. विषय संपला."

अर्जाचे कोरे कागद मीच वाटले. एकाच डॉक्टरांनी, एकाच दुपारी, अकरा जणांना सहा दिवसांचा ताप लिहून दिला. बारावा दाखला माझा. शमशेरनं कागद परत केला.

"मला ताप नव्हता, भाऊसाहेब. संप हुता."

"अरे, सोय आहे ही. कुठं बोभाटा होणार नाही."

"फाटकाशी उभं राहून लोकांना काय सांगितलं मी? घरी पडून ऱ्हावा म्हणून?"

मस्टर ओढून त्यानं सहा रकाने स्वतःच्या हातानं भरले: संप, संप, संप. मी अडवलं नाही. मनातून त्याला हट्टी म्हटलं. मला वाटलं, मी शहाणा.

गेल्या वर्षी कायम करण्याची यादी निघाली. अट होती सलग सेवेची. आमचे अकरा जण कायम झाले. शमशेरचं नाव नव्हतं. शेरा होता, 'सेवेत खंड'. ज्याच्या जिवावर यादी निघाली तोच बाहेर. निवृत्तीला त्याचे दहा महिने उरले होते. हंगामी म्हणूनच घरी जायचं, म्हणजे तेवीस वर्षं तो तिथं नव्हताच.

यादी निघाल्याबद्दल कॉलेजनं सत्काराचा कार्यक्रम ठेवला. मलाही बोलावलं. अधीक्षक भाषणात म्हणाले, शमशेरभाईंचं योगदान विसरता येणार नाही. वर शाल. शमशेरनं शाल घडी न मोडता टेबलावर ठेवली.

"सायेब, ही तुमीच पांघरा. तुमच्या अकरा लोकास्नी लय ताप येतो."

अकरा जण पेढ्याच्या ताटलीत बघत होते. त्यांच्यातली एक, ग्रंथालयातली माया, तेवढी उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेलो, तर जिन्यात मला म्हणाली, "आवं भाऊसाहेब, कागद तुमीच दिला की माझ्या हातात."

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागलं नाही. राग अधीक्षकांचा होता, त्या डॉक्टरांचा होता. पण सगळ्यात जास्त त्या सभ्य, मागच्या रांगेतल्या माणसाचा, जो छत्तीस वर्षं 'वरून सांगितलंय' एवढंच बोलत जगला.

शमशेरनं दावा लावला आहे. मी प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि त्याच्या घरी घेऊन गेलो. संपाला आजारपण दाखवायचं कार्यालयानंच ठरवलं, मग एकट्याचीच सेवा तुटली कशी, असा मजकूर. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं. त्याची बायको अख्तरबी चहा ठेवून माझ्याकडे न बघताच आत गेली.

"बाकीच्यांची नावं काढा. त्यांच्या नोकरीवर मला नोकरी नको."

"बरं."

"आन् हे काय? 'वरिष्ठांच्या तोंडी सूचनेवरून'. वरिष्ठ म्हंजे कोण? खुर्ची व्हय?"

"कोर्टात समजून घेतील."

"न्हाई घेत. तेवीस वर्षं कुणी समजून घेतलंय? नाव लिवा."

मी पेनाचं टोपण परत लावलं. अधीक्षक अजून खुर्चीवर आहेत, आणि माझ्या पेन्शनचं एक प्रकरण त्यांच्याच टेबलावर पडून आहे. शमशेरनं कागद माझ्यापुढं सरकवला.

मी नाव लिहिलं. पूर्ण, हुद्द्यासकट. वकील म्हणाले, आता तुमच्यावरही ते काहीतरी लावतील. लावू देत. तारीख पुढच्या मंगळवारी आहे. मी पुढच्या बाकावर बसणार आहे.