बाबांच्या घागरीतलं पाणी

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. रसायनशास्त्र घेऊन शिकले, आणि हे सांगताना आवाज खाली करायची मला सवय नाही. बदलापूरच्या बाजूला नदीचं पाणी उचलून पिण्यालायक करतात, अशा एका केंद्राच्या प्रयोगशाळेत मी काम करते. नदीचं पाणी येतं तेव्हा त्यात माती असते, शेवाळ असतं, आणि डोळ्यांना न दिसणारं बरंच काही असतं. त्यात तुरटी फिरवली की मातीचे कण एकमेकांना धरून जड होतात, खाली बसतात. वरचं पाणी वाळूतून गाळायचं. मग क्लोरीन. शेवटच्या नळापर्यंत थोडं क्लोरीन पाण्यात शिल्लक राहायला हवं, कारण वाटेत पाइप कुठे चिरला असेल ते कोणी सांगू शकत नाही. शिल्लक आहे का, ते मी बघते. काचेच्या नळीत औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की ठीक.

राहते अंबरनाथ पश्चिमेला, भाड्याच्या एका खोलीत. आई मोरिवलीच्या घरात. बाबा गेल्यापासून तीही एकटी, मीही एकटी, आणि मधलं अंतर रिक्षाने सहज जाता येईल एवढं. तरी आमचं भेटणं रविवारचं. ती घर सोडत नाही. मी तिथे जाऊन राहिले तर गल्लीत माझ्याशी बोलायला कोणी नाही. ते का, तेच सांगायचं आहे.

आमच्या परसात विहीर आहे. पूर्वी तिच्या पलीकडे भातशेती होती. मग कारखाने आले, बाबा त्यातल्या एकात लागले, आणि शेताच्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. आमच्याच नाही, सगळ्यांच्याच. खोल्यांचं भाडं आलं म्हणून मी कॉलेजात गेले. खोल्या आल्या तसा संडास आला, आणि संडासाचा शोषखड्डा जागा होती तिथे खणला गेला. जागा विहिरीशेजारीच होती.

घरात नळ होता. पण आई नळाचं पाणी प्यायची नाही. त्याला दवाखान्याचा वास येतो म्हणायची. भांडी, कपडे नळावर. पिण्याची कळशी मात्र रोज सकाळी विहिरीची. तिथे शेजारची काकी यायची. बाबांची चुलत वहिनी, आईच्याच वयाची. दोघी कप्पीवरून दोरी ओढत गप्पा मारायच्या. माझ्या लहानपणी तिथे बायकांची रांग असायची. आता दोघीच उरल्या होत्या.

दिवाळीनंतर आईचं पोट दोनदा बिघडलं. दुसऱ्या वेळी सलाइन लावावं लागलं. तिने दोष वाटाण्याच्या उसळीला दिला. मी विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. आमच्याकडे एक साधी तपासणी असते. बाटलीत औषध लावलेला कागद असतो, पाणी भरायचं आणि उबेला ठेवायचं. पाण्यात मैला मिसळत असेल तर ते काळं पडतं. सकाळी कामावर गेले तर आमच्या विहिरीची बाटली शाईसारखी काळी झाली होती. उरलेल्या पाण्यात मैल्यातून उतरणारं नायट्रेटही मापलं. तेही नको इतकं होतं.

शाळेत जलचक्राचं चित्र असायचं. समुद्र, वाफ, ढग, डोंगर, नदी, आणि एक बाण जमिनीत शिरणारा. तो बाण खाली जाऊन निळा होतो आणि विहिरीत निघतो. परीक्षेत मी ते चित्र फार छान काढायचे. त्या चित्रात शोषखड्डा नसतो. मलंगगडाच्या अंगाने येणारा पाऊस आमच्या परसात पडतो, मुरतो, खड्ड्यातलं सोबत घेतो आणि विहिरीत उतरतो. माती पाणी गाळते हे खरं. पण तिला थोडं अंतर लागतं, थोडा वेळ लागतो. आम्ही दोन्ही ठेवलं नव्हतं.

मी काळी बाटली घेऊन आईकडे गेले. तिने ती हातात घेऊन उन्हात धरली आणि म्हणाली, तू यात काहीतरी टाकलं असशील. विहिरीचं पाणी तिने फुलपात्रात काढून माझ्यासमोर ठेवलं. ते खरोखर स्वच्छ होतं. तळाचं नक्षीकाम दिसत होतं.

"पानी चांगला हाय गो," ती म्हणाली. "तुज्या बापानी जलमभर ह्याच पिला. तो काय पान्यानी नाय गेला."

बाबा हृदयविकाराने गेले होते.

गवंड्याला बोलावलं. त्याने परसात फिरून पाहिलं आणि खड्डा हलवायला जागाच नाही, चारी बाजूंना खोल्याच आहेत, असं सांगून चहा पिऊन गेला. मग मी गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं की या विहिरीचं पाणी पिऊ नका. भाडेकरूंनी ऐकलं. ते मुळातच पीत नव्हते. आमच्या माणसांना मात्र राग आला. माझ्या तपासणीने त्यांच्या खोल्यांना वाईट नाव येईल, असं त्यांना वाटलं. काकी आमच्या ओट्यावर चढली नाही. रस्त्यातूनच म्हणाली, "शिकली नि इहीर बाटवली." तेव्हापासून ती विहिरीवर यायची थांबली.

आई थांबली नाही. ती एकटीच दोरी ओढू लागली.

भांडून उपयोग नव्हता. तिला वास नको होता, तर वास काढायला हवा होता. कोळशाच्या कांडीने क्लोरीनचा वास जातो. म्हणून मी उल्हासनगरला, कॅम्प चारच्या बाजारात, फिल्टर घ्यायला गेले. दुकानदार मला मोठं मशीन विकायला बघत होता. पेनासारखं मीटर पाण्यात बुडवून त्याने आकडा दाखवला, "देखो मॅडम, एकदम अमृत." मी म्हटलं, हे मीटर क्षार सांगतं, जंतू सांगत नाही, नाल्याचं पाणी गाळून आणलं तरी हा आकडा कमी दाखवू शकेल. तो हसला. मी टीचर आहे का, असं त्याने विचारलं आणि मुकाट्याने साधा फिल्टर काढून दिला.

आईने फिल्टरला हळदकुंकू लावलं. क्रोशाचं आवरण घातलं. नंतर त्यावर टीव्हीचा रिमोट ठेवू लागली. मी रविवारी फिल्टरची टाकी बघायचे. पाणी मागच्या रविवारी जिथे होतं तिथेच असायचं. तिचं पोट पुन्हा बिघडलं तर रात्री तिच्याजवळ कोण असेल, हा एकच विचार माझ्या डोक्यात असायचा. फोनवर मी रोज विचारायचे, पाणी कुठलं प्यायलीस. ती म्हणायची, जेवलीस का.

मग अक्षय तृतीया आली. त्या दिवशी आमच्या घरी गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची नवी घागर भरतात. एक पुरुष त्याच्या जागी पाटावर बसतो, जेवतो, आणि घागरीतलं पाणी पितो. तो प्यायला की आपल्या माणसाला पोचलं. बाबांच्या जागी त्यांच्या कारखान्यातले एक मित्र बसायचे. गल्लीतच राहतात. त्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला की बदलापूरला व्याह्यांकडे जायचं आहे. आईने आणखी दोन घरी विचारलं. एकाचा उपास निघाला, दुसऱ्याने फोन उचलला नाही. आमच्या घागरीत कुठलं पाणी असणार ते गल्लीला माहीत होतं. इतके महिने मला खोटं ठरवणाऱ्यांतल्या एकालाही ते प्यायचं नव्हतं.

आईने पान वाढलं होतं. पुरणपोळी, आमरस, कुरडई. आम्ही दाराकडे बघत बसलो. दुपार टळायला आली, आमरसावर साय धरल्यासारखं झालं. आई दाराशी जाऊन परत आली.

"तू बस," ती म्हणाली.

मी म्हटलं, मुली बसत नाहीत.

"मंग कोन बसंल? तो काय उपाशी ऱ्हाल?"

मी पाटावर बसले. जेवले. तिने घागरीतून फुलपात्र भरून माझ्यासमोर धरलं.

"कुठलं आहे?" मी विचारलं.

"इहिरीचा," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "सकाली उकलून ठेवलाय. खूप वेल. तुज्या बापाला म्हटला, तुजीच पोर हाय, तिला कशाला आजारी पाडू."

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही, हे मला माहीत होतं. एका फुलपात्राने मोठ्या माणसाला काही होत नाही, हेही माहीत होतं. मी प्यायले.

"कसा लागला?"

उकळताना पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते, म्हणून ते सपक लागतं. मी एवढंच म्हटलं, "सपक."

तिने घागरीतलं थोडं पाणी तळहातावर घेऊन तोंडात घातलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"ह्या त्याला नाय आवडाचा," ती म्हणाली. "इतका उकलून सपकच प्याचा, तं नलाचा काय वाईट. फुडच्या वर्षी नलाचा भरू."

मी पान उचललं. ती उठली, फिल्टरवरचा रिमोट बाजूला ठेवला, आवरण काढलं, टाकीतलं शिळं पाणी तुळशीला ओतलं आणि नळ आल्यावर नवं भरलं. पहिलं फुलपात्र तिने तोंड वाकडं करून संपवलं. वास अजून येतो म्हणाली. मला येत नव्हता. वाद घातला नाही.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा ती विहिरीवर होती. कप्पीतून दोरी ओढून काढत होती. मदत करू का विचारलं, तर नको म्हणाली. दोरीची वेटोळी करून तिने ती काठावर ठेवली आणि तिथेच टेकली. शेजारी काकीच्या परसदाराची कडी वाजली. आईने मान वळवली. दार उघडलं नाही.

मी खोलीवर पोचल्यावर फोन केला. पाणी कुठलं प्यायलीस, हे त्या दिवशी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, नळाचं. मग नेहमीसारखं विचारलं, जेवलीस का.