सरळ मानेची गिटार

कोणतीही वस्तू हातात आली की काका आधी एक डोळा मिटायचे. मग ती खिडकीकडे करून डोळ्याच्या रेषेत धरायचे आणि निकाल द्यायचे. निकाल दोनच. "पास." किंवा, बहुतेक वेळा, "उजेड दिसून राहिला." म्हणजे हिच्यावर पोलादी पट्टी ठेवली तर मध्ये फट राहील, त्यातून उजेड दिसेल, वस्तू सरळ नाही, बाद.

खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आमच्या तपासणी विभागात ते सगळ्यांत जुने आणि मी सगळ्यांत नवा. काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. सगळे त्यांना काकाच म्हणायचे, साहेब लोकसुद्धा. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, जो घरी गेला तरी ड्युटीवरच असतो. एकदा घमापूरच्या बाजारात काकूंसाठी लाटणं घ्यायला गेले आणि दहा-बारा लाटणी डोळ्यासमोर धरून एकेक परत ठेवली. दुकानदार वैतागला. "बाबूजी, रोटी बेलनी है कि तोप बनानी है?" काका शांतपणे म्हणाले, "तोप में इतना चल जाता भैया. रोटी में नहीं चलेगा." हा किस्सा सांगताना काकूंना हसू आवरायचं नाही. शेवटी त्या स्वतः जाऊन पहिलं हाताला लागलं ते लाटणं घेऊन आल्या होत्या.

रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलं होतं तेव्हाची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता ते मला म्हणाले, "बेटा, तू कॉलेजात गिटार वाजवत होतास ना? मला एक घ्यायची आहे. बिजलीवाली."

"कोणासाठी, काका?"

"काहून? मी माणूस नाही का?"

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून माझा घास हातातच राहिला. नोकरीला लागले त्या वर्षी फॅक्टरीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा आला होता. गाणी सुरू व्हायच्या आधी गिटारवाला एकटाच, तारा जुळवून झाल्यावर, चार ओळींची एक धून वाजवून गेला. कोणत्या गाण्याची होती माहीत नाही. पुन्हा कुठे ऐकायला मिळाली नाही. पण ती यांच्या कानात राहिली ती राहिलीच. त्यांनी ती मला डब्यावर बोट आपटत गुणगुणून दाखवली. मीही कधी ऐकली नव्हती. आणि आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही कान चाललेत. वयाचं आहे, थांबणार नाही. बारीक आवाज आधी जातील, मग बाकीचे.

"मशीन देतात ना कानाला?"

"लावून पाहिली. बोलणं समजते. सूर नाही समजत, सगळा टीनचा पत्रा वाजते." डब्याचं झाकण लावत ते म्हणाले, "ही धून फक्त माझ्यापाशी आहे, बेटा. एक बार स्वतःच्या हातानं वाजवून ऐकून घेतो. मग जाऊ दे कान."

बजेट काकूंनी ठरवून दिलं होतं. दिवाळीच्या बोनसातले बारा हजार, गिटार, ॲम्प, वायर सगळं त्यात बसवायचं. मी माझं ज्ञान पाजळलं. स्वस्तातली घ्यायची तर रंगावर जाऊ नका, चकचकीत बटणांवर जाऊ नका. खुंट्या सूर धरून ठेवतात का बघा, ॲम्प छोटाच घ्या, खोलीत वाजवायचाय. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मान बघा, तारांखालचा लांब दांडा. त्यांनी डायरी काढून लिहून घेतलं. "मान" या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

पहिल्याच रविवारी, पहिल्याच दुकानात, बजेटात बसणारी एक गिटार मिळाली. मी वाजवून पाहिली, नवशिक्याला हवी तशी होती. काकांनी पिशवीतून फॅक्टरीतल्यासारखी पोलादी पट्टी काढली, गिटारच्या मानेवर उभी ठेवली आणि एक डोळा मिटला.

"उजेड दिसून राहिला."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

आता तुम्हाला सांगतो, कारण तेव्हा त्यांना सांगितलं नाही. गिटारची मान पट्टीसारखी सरळ नसतेच. मध्ये किंचित खोलगट ठेवावी लागते, म्हणजे तारांना थरथरायला जागा मिळते. अगदी सरळ केली तर तारा घासतात, खरखरतात. चार महिने गिटार धरलेल्या कोणालाही हे माहीत असतं. मला माहीत होतं. पण ज्यांनी मला पट्टी कशी धरायची ते शिकवलं, त्यांना दुकानदारासमोर "तुमची पट्टी इथे चालत नाही" कसं म्हणणार? म्हटलं, परत जाताना सांगू. परत जाताना त्यांनी खोव्याची जिलबी खाऊ घातली. राहून गेलं.

मग ते राहूनच गेलं. दर दोन-तीन रविवारांनी माझ्या स्कूटरवर मागे बसून, पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून, काका गिटार बघायला निघायचे. सहा गिटारी बाद झाल्या. सहाही चांगल्या होत्या. खरं सांगायचं तर मला त्या फेऱ्यांची गंमत वाटायला लागली होती. विभागात मी त्यांची नक्कल करून दाखवायचो, लोक पोट धरून हसायचे. मी वाईट माणूस नाही, पण मोठ्यांसमोर गोड राहायची मला जुनी खोड आहे, आणि त्या खोडीला मी आदर म्हणत आलो.

उन्हाळा लागला तेव्हा कानांची पुन्हा तपासणी झाली. त्यानंतर ते मला म्हणाले, "देवघरातली घंटी गेली. काकू हलवते, मला नुसता हात दिसते." त्या दिवशी मी मानेचं सांगून टाकलं.

त्यांनी डायरी काढून "मान" या शब्दाखालच्या रेघांवर बोट ठेवलं.

"म्हणजे पहिलीच पास होती."

"हो."

"मग तू काहून नाही बोललास रे?"

मी काहीतरी पुटपुटलो. तुम्ही सीनियर, वगैरे. त्यांनी मान हलवली. "चलो. गलती माझीही आहे. मी ड्रॉइंगच नाही मागितलं." आमच्याकडे वस्तू कशी असायला हवी ते आधी ड्रॉइंगवर बघतात, मगच माप लावतात. सबंध नोकरीत त्यांनी ड्रॉइंगशिवाय एक खिळा बाद केला नव्हता. आणि माझ्यामुळे सहा महिने वाया घालवले होते.

पुढच्याच रविवारी विजय नगरमध्ये एक गिटार मिळाली. बँकेतल्या एका मुलीची पुण्याला बदली झाली होती, तिला सामान कमी करायचं होतं. छोटा ॲम्प आणि वायरही तिने बारा हजारांतच दिली. काकांनी पट्टी नेलीच नव्हती. त्यांनी गिटार हातात घेतली, डोळा मिटलाच नाही, आणि म्हणाले, "दीदी, पास."

शिकवायला मी दर रविवारी त्यांच्या क्वार्टरमध्ये जाऊ लागलो. फॅक्टरीत घडलेली जाड बोटं, दोन तारा एकदम दाबल्या जायच्या. पण हट्ट असा की काकू म्हणायच्या, "लग्नात मंगळसूत्र बांधतानाही एवढं लक्ष नव्हतं यांचं." जाड तारा त्यांना ऐकू यायच्या. बारीक तार मात्र येत नव्हती, ॲम्प कितीही मोठा केला तरी. तिच्यावर बोट मारलं की ते माझ्या तोंडाकडे बघायचे.

"वाजली?"

"वाजली, काका."

कधी वाजलेली असायची, कधी नुसती खुट्ट व्हायची. मी नेहमी हो म्हणायचो. म्हटलं, म्हातारा माणूस, उत्साह कशाला मोडा.

आणि एका रविवारी ते झालं. चारही ओळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही सूर न सांडता. शेवटची ओळ जवळजवळ सगळी बारीक तारेवर होती. मी उभाच राहिलो. इतकी साधी, इतकी गोड धून मी पुन्हा ऐकलेली नाही. "काका, झालं! पूर्ण झालं!"

"शेवटची ओळ? वाजली?"

"सगळी वाजली."

त्यांनी काकूंना हाक मारली, पुन्हा एकदा वाजवली आणि दोन्ही वेळा शेवटच्या ओळीला माझ्या चेहऱ्यावर नजर लावून बसले. ती ओळ त्यांनी तिथेच ऐकली म्हणायची.

आमच्या कामात एक रीत आहे. मापाने माल तपासायचा, पण ज्या मापावर फार भरवसा टाकलाय ते माप अधूनमधून स्वतः तपासून घ्यायचं. खोटं निघालं तर त्याने तपासलेला मागचा सगळा माल रद्द.

त्याच्या पुढच्या रविवारी मी चहा पीत मोबाइल बघत होतो. काकांनी बारीक तार छेडली.

"वाजली?"

"मस्त वाजली, काका."

बराच वेळ पुढचा सूर आला नाही, तेव्हा मी वर पाहिलं. गिटारमध्ये असायला हवं ते वायरचं टोक त्यांच्या मुठीत होतं. ॲम्प गप्प होता.

"वायर तर इथे आहे, बेटा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वायर गुंडाळून ॲम्पवर ठेवली. मग अगदी हळू विचारलं, "मग मागच्या रविवारचं?"

"ते खरंच वाजलं होतं! तुमची शपथ, काका, सगळं वाजलं होतं. काकूंना विचारा!"

"काकूला काय समजते सुरातलं," ते म्हणाले. "ती तर मला बरं वाटावं म्हणून काहीही म्हणेल." आणि गिटार कव्हरमध्ये ठेवून चेन लावली. "अच्छा. चहा पी, थंडा होऊन राहिला."

त्यानंतर विभागात ते माझ्याशी पहिल्यासारखेच बोलायचे. फक्त रविवारी ये म्हणाले नाहीत. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून रायपूरला मुलीकडे गेले. गेल्या हिवाळ्यात काकूंचा फोन आला, ते गेल्याचा. मी विचारलं, तिकडे गिटार वाजवायचे का?

"नाही रे. मुलीनं किती वेळा म्हटलं. म्हणायचे, वाजते की नाही, खरं सांगणारं कोणी पाहिजे."

मी फोन ठेवला. ती धून मी नंतर माझ्या गिटारवर शोधत बसलो. पहिल्या दोन ओळी सापडतात. पुढच्या नाही सापडत, कारण ऐकताना मी धून कमी आणि आपण काय म्हणायचं याकडे जास्त लक्ष देत होतो.

पण त्या रविवारी ती वाजली होती. चारही ओळी वाजल्या होत्या, शेवटचा सूरसुद्धा. तुम्ही तरी विश्वास ठेवा.