राणोजींचे पाहुणे मेले

चेन्नईच्या पार्क स्टेशनात पार्क नाही. कुंडीतलं रोपसुद्धा नाही. पण तिथल्या तिकीट खिडकीत राणोजींनी सव्वीस वर्षं काढली, आणि त्यांना विचाराल तर इतकं बहारीचं ठिकाण इंद्राकडेही नसेल. रस्त्यापलीकडे थोरली सेंट्रल, तिथे परगावच्या गाड्या. मधली पार्क, एकतीस सालापासून विजेच्या गाड्या बघितलेली. आणि धाकटी पार्क टाउन, पंच्याण्णव सालची, ती मैलापूरला नेते. तिघी बहिणी हाकेच्या अंतरावर, पण एकीकडून दुसरीकडे जायचं तर भुयार नाहीतर पूल. दिवसाला शंभर माणसं खिडकीशी विचारत, पार्क टाउन कुठे? राणोजी मान न उचलता सांगत, "मेले."

तमिळमध्ये मेले म्हणजे वर. जिन्याने वर जा, पूल ओलांडा, झालं.

राणोजी तंजावरचे मराठे. घरात मराठी तीनशे वर्षं जुनी, पण एवढा तमिळ शेजार असल्यावर असे चार शब्द येऊन पाट मांडून बसणारच. नोकरी सुटली, मेले काही सुटला नाही.

दोन हजार आठ साली त्यांची नात भव्या हिने लग्न ठरवलं, तिच्याच पेरुंगुडीच्या ऑफिसातल्या कुशलशी. मुलगा पुण्याचा. त्याची आई अर्चनाबाई त्याला फोनवर म्हणाल्या होत्या, "माणसं चांगली असतील रे, पण बोललेलं कळणारच नसेल तर संसार काय खुणांनी करायचा? मी आधी ऐकून बघणार, मग हो-नाही सांगणार."

हे राणोजींच्या जिव्हारी लागलं. त्यांनी हट्टच धरला, पाहुण्यांना सेंट्रलवरून मैलापूरच्या घरी मीच आणणार.

"आजोबा, कमी बोला," भव्या म्हणाली.

"अगो, अमची शुद्ध मराठी आहे कीं. ऐकूं देत."

सकाळी अर्चनाबाई आणि कुशलचे वडील त्र्यंबकराव उतरले. राणोजींनी त्यांना भुयारातून पार्कला आणलं, पुलावर वाऱ्याला उभं राहा म्हणून बोटाने जिना दाखवला आणि स्वतः तिकिटाच्या रांगेत लागले. तेवढ्यात कुशलचा फोन.

"आजोबा, आईबाबा कुठेत? बाबांचा फोन बंद लागतोय."

"दोघेही मेले," राणोजी खुशीत म्हणाले.

"काय?"

"आतांच मेले. बॅगांसकट."

"आजोबा, काय बोलताय?"

"घाबरूं नको. बाबा आधीं, मागून आई. मी खालीं एकटाच राहिलों. तिकीट काढतों, मग मीही मेले."

गाडी धडधडत आली, पुढचं काही ऐकूच आलं नाही. राणोजींनी फोन खिशात टाकला. मुलगा मोठा काळजीवाला, त्यांना कौतुक वाटलं.

पुलावर राणोजींनी तिघी बहिणींची ओळख करून द्यायला घेतली. सेंट्रलच्या मनोऱ्यातलं घड्याळ, पूर्वीची मीटरगेज, कुठल्या पायरीवर कोण कोण घसरलं. तीन गाड्या गेल्या. त्र्यंबकराव रंगले होते. अर्चनाबाईंचा चेहरा मात्र नापास करणाऱ्या मास्तरणीसारखा.

एवढ्यात पार्क टाउनच्या बाजूने एक तरुण जिना चढत आला. गळ्यात ऑफिसचा पट्टा, डोळे सुजलेले. वर येतो तो आई केळं खातेय. त्याने तिला तिथेच मिठी मारली आणि भोकाड पसरलं. पुलावरची वाहतूक थांबली.

"अरे, झालं काय?"

"हे म्हणाले, तुम्ही मेलात."

अर्चनाबाई वळल्या. भव्याचं लग्न या पुलावरच मोडलं, राणोजींना वाटलं.

"मेले होतेच कीं," ते पुटपुटले आणि बोट आधी खालच्या फलाटाकडे, मग पायाखालच्या पुलाकडे नेलं. "हें कीळे. हें मेले."

त्र्यंबकरावांना आधी कळलं. ते कठड्याला धरून हसायला लागले. अर्चनाबाई मात्र मुलाकडे बघत होत्या. चेन्नईला आल्यापासून तीन वर्षांत त्याचा फोन कधी दोन मिनिटांच्या वर गेला नव्हता. "ऑफिस टाकून आलास? माझ्यासाठी?"

कुशलने नाक पुसत मान हलवली.

"राणोजीकाका," त्या म्हणाल्या, "तुमची मराठी मला अर्धी कळली नाही. पण चांगली आहे. चालेल आम्हाला."

मग कुशलचा फोन घेऊन त्यांनी नाशकाला बहिणीला लावला. "ताई, लग्न ठरलं गं. हो, आम्ही दोघंही मेले आहोत. मस्त वारा येतोय."