मामांची फुंकर

मामांना दिसेल त्या वस्तूवर फुंकर मारायची खोड होती. चहावर, चष्म्यावर, बोल्टच्या आट्यांवर, नातीच्या खरचटलेल्या गुडघ्यावर. चाळीस वर्षं फिटरकी केलेला माणूस. धूळ दिसली की ओठांचा चंबू आपोआप व्हायचा, त्याला ते तरी काय करणार! सून घरात त्यांना मामा म्हणायची. मामा कामाला होते त्याच कारखान्यात ती पत्रा कापायच्या लेझर मशीनवर लागली आणि बघता बघता मालकापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचेच ते मामा झाले.

त्या सकाळी सुनेनं घोळ घातला. पत्र्यातून कापलेला एखादा तुकडा कलंडून उभा राहतो, म्हणून एका कापाकडून दुसऱ्याकडे जाताना मशीनचं कटिंग हेड वर उचलून न्यावं लागतं. घाईपायी तिनं ते उचलणं बंद केलं आणि हेड एका उभ्या तुकड्यावर जाऊन धाडकन आदळलं. टोकाचं नोझल वाकडं झालं आणि हेडला बाजूनं चीर गेली.

मालक धावत आले. "दुपारी माल गाडीत चढायला हवा. तोवर मशीन सुरू झालं तर ठीक. नाहीतर उद्यापासून तू पॅकिंगला."

सुनेनं बाहीनं डोळे पुसले. हे मशीन शिकायला तिनं दोन वर्षं घातली होती. जाड पत्रा पहिल्यांदा स्वच्छ कापला त्या दिवशी घरी येऊन चपला काढायच्या आधी तिनं मामांना तो किस्सा सांगितला होता. नंतरही शंभरदा सांगितला असेल, आणि मामांनी दर वेळी नव्यानं ऐकला.

"रडायचं ते घरी जाऊन," मामा म्हणाले. "आधी पाना दे."

कपाटात जादा हेड होतं. मामांनी वीज तोडली, गॅस बंद केला, पाण्याच्या नळ्या सोडल्या. प्रकाश आणणाऱ्या केबलचं टोक निघताक्षणी त्यावर टोपण घातलं, कारण तिथं धुळीचा कणही चालत नाही. नवं हेड त्यांनी तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांनी धरून जागी बसवलं. सगळं पुन्हा जोडल्यावर, किरण मधोमध पडतो का ते पाहायला सुनेनं नोझलवर चिकटपट्टी लावून लेझरचा एक बारीक ठिपका मारला. भोक बरोबर मधोमध पडलं. आता फक्त आतल्या भिंगाला सांभाळणारी काच बसवायची होती. असल्या दोनच काचा शिल्लक होत्या.

मामांनी पहिली काच चिमट्यात धरली, उजेडात पाहिली आणि हलकेच फुंकर मारली.

काच खणात गेली, मशीन सुरू झालं. पहिलाच काप दातेरी. काच काढून पाहिली, तर मधोमध काळा डाग. थुंकीचा कण जळला होता. सुनेनं ती फुंकर पाहिली होती, तरी तिनं मामांचं नाव घेतलं नाही. वाजले होते साडेअकरा.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"मी माती खाल्ली," मामा म्हणाले. "काचेवर फुंकर मारली. हिचा काही दोष नाही यात."

"मग आता तुम्हाला पाठवू पॅकिंगला?"

"पाठवा. पण मशीन हिच्याकडेच राहू द्या." मामा म्हणाले. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

तोवर सुनेनं नाकातोंडाला फडकं बांधलं होतं. "मामा, तुम्ही दाराशी जाऊन उभे राहा," ती म्हणाली. घरात कधी वर मान करून न बोललेली सून, पण मामा मुकाट्यानं गेले. तोंडावर पंजा धरून उभे राहिले, न जाणो दारातूनही फुंकर जायची!

शेवटची काच तिनं बसवली. मशीन पुन्हा सुरू झालं आणि कडा अशी सुरेख निघाली की मालकांनी त्या कडेवरून दोनदा नजर फिरवली. "उद्या आठला ये," ते म्हणाले. "मशीनवर."

आनंदाच्या भरात सुनेनं नुकताच कापलेला गरम तुकडा उघड्या हातानं उचलला आणि किंचाळून टाकला. मामा धावत आले, तिचं बोट धरलं, खाली वाकले आणि एकदम थबकले. मशीनकडे पाहत त्यांनी ओठ गच्च मिटून घेतले.

सुनेनं त्यांना हाताला धरून दाराबाहेर नेलं आणि लाल झालेलं बोट पुढे केलं.

"इथं काच नाही, मामा. फुंका."