जाकीरभाईंनी खोडलेले आकडे

जाकीरभाई आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत चोवीस वर्षे परिचर आहेत. त्यांचे वडील केजच्या बाजारात घड्याळे दुरुस्त करीत. तोच स्थिर हात मुलाकडे आला. पाण्यातला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा प्लास्टिकचा मणी लेसरच्या किरणात पकडावा तर त्यांनीच. ज्याच्यावर मी सर्वाधिक विसंबलो त्याच माणसाने माझा घात केला, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

कोणतीही वस्तू पाण्यातून ओढली की आपले श्रम खर्ची पडतात आणि पाणी किंचित तापते. मणी अतिसूक्ष्म असेल तर क्वचित उलट घडते. भोवतीच्या पाण्याची उष्णता घेऊन तो क्षणभर आपणच पुढे धावतो आणि श्रमाचा आकडा ऋण येतो. असे किती वेळा घडते, यावरच माझा प्रबंध उभा होता. वय एकावन्न, शेवटची मुदतवाढ. मणी पकडणारे लेसरचे यंत्र पुण्याहून चाळीस दिवसांसाठी मिळाले, आणि ते मांडून होताच मला निवडणुकीच्या कामावर धाडण्यात आले. मोजमापे जाकीरभाईंवर सोपवली.

परतलो तेव्हा यंत्र पुण्याला गेले होते. नोंदवहीत सुबक अक्षरांत चार हजार आकडे होते. एकही ऋण नव्हता.

"जाकीरभाई, उलटे आकडे कुठे आहेत?"

"काढून टाकले की, सर!" ते अभिमानाने हसले. "मणी मधीच उलटा पळायचा. लई वंगाळ दिसायचं. म्हनलं, पुण्याचे लोक आमच्या सरांना हसतील."

"कुणी सांगितलं काढायला?"

"तुमीच की. दर परीक्षेला म्हनता न्हाई का, रेषेत न बसणारा आकडा पोरांच्या वहीत दिसला न्हाई पाहिजे?"

म्हणत होतो. बाहेरचे परीक्षक येतात, निकाल सांभाळावा लागतो. प्रयोगाचा हेतू मात्र मी त्यांना सांगितला नव्हता. परिचराला सिद्धांत समजावण्याची आमच्याकडे रीत नाही.

"कच्चे कागद?"

"सलीमला दिले. पपया गुंडाळायला."

सलीम हा त्यांचा मेहुणा. बसस्थानकासमोर त्याचा फळांचा गाडा आहे. मी कागदात गुंडाळलेल्या सगळ्या, एकोणीस पपया घेतल्या.

"घरी लग्न हाय का, सर?" त्याने विचारले.

बहुतेक वर्तमानपत्रेच निघाली. आमचे कागद तीन. त्यांवर खोडलेले, ऋण चिन्हाचे सतरा आकडे. सतरा आकड्यांवर प्रबंध होत नाही. मुदत संपली.

मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा आली. जाकीरभाईंनी एका मुलीची वही माझ्यासमोर धरली आणि हळूच विचारले, "सर, ह्यो आकडा रेषेच्या बाहेर गेलाय. ठिवू का काढू?"

परीक्षक दारात येऊन उभे होते.

"काढा," मी म्हणालो.